राजाराम महाराजांच्या वाटेने जिंजी : प्रवाशांच्या माहितीवरून कथासहल कशी आखावी?

घाटमाथा

आमचा पुण्यातला एक हौशी गट आहे. धंदा नाही, खर्च वाटून घेतो. दर हिवाळ्यात एक मोठी सहल असते आणि दरवर्षी तीच बोंब: स्थळांची भलीमोठी यादी, पळापळ, आणि परत आल्यावर कोणतं देऊळ कुठलं हे कुणालाच आठवत नाही. म्हणून यंदा ठरवलंय की यादी नको, एक गोष्ट धरायची आणि तिच्या मागून जायचं.

गोष्ट १६८९ ची. संभाजी महाराजांची मार्चमध्ये हत्या झाली, रायगडाला मोगलांचा वेढा पडला. एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज एप्रिलमध्ये गडावरून निसटले, प्रतापगड करत पन्हाळ्याला आले. सप्टेंबरअखेर तिथूनही निघाले ते वेष पालटून, मोजक्या माणसांनिशी कर्नाटकातून थेट जिंजीला, आजच्या तमिळनाडूत. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी आसरा दिला, बंगळूरला पकडले जाता जाता वाचले, वेल्लोरमार्गे नोव्हेंबरच्या सुमारास जिंजीत पोचले.

हीच गोष्ट निवडली कारण तिचा क्रम आणि नकाशाचा क्रम एकच आहे. शिवचरित्राची सहल आखायला बसलं की पहिली अडचण हीच येते. २०२५ मध्ये रेल्वेची छत्रपती शिवाजी महाराज सर्किट नावाची गाडी निघाली. तिच्यात रायगड आधी आणि शिवनेरी नंतर, म्हणजे राज्याभिषेक आधी आणि जन्म मग. रेल्वेची चूक नाही, रूळच तसे आहेत. पण गोष्ट म्हणून सांगताना गाइडची तारांबळ होते. जिंजीच्या वाटेवर पुढचं ठाणं म्हणजे गोष्टीचं पुढचं पान.

आता मुद्द्यावर. गाडी एक, मुक्काम एक, पण प्रत्येकाला आपल्या अंगाजोगती गोष्ट मिळावी असं डोक्यात आहे. त्यासाठी थोडी माहिती जमवली: एक फॉर्म, ज्यांनी खुशीने दिले त्यांचे जुन्या सहलींचे फोटो, आणि काहींच्या मनगटी घड्याळातली पावलं. फोटोंच्या फाइलीत वेळ आणि ठिकाण असतं, त्यावरून कोण कुठे किती रेंगाळलं ते कळतं. (व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो.) गंमत अशी की फॉर्ममध्ये 'इतिहास' या चौकटीवर सगळ्यांची खूण आहे, आणि फोटो सांगतात की किल्ल्यात अर्धा तास आणि बाजारात दीड.

जाणकारांनी सांगावं: ही माहिती कुठवर वापरायची? ज्यांना चढवत नाही त्यांच्या वाट्याला गोष्टीतलं काय द्यायचं? आणि गोष्टीचा मजकूर एआयकडून लिहून घ्यावा का?

मिसळीचा रस्सा

बाजारात दीड तास हाही इतिहासच आहे. मराठे पेठा लुटत असत. आम्ही पैसे देऊन घेतो एवढाच फरक.

सांख्यिकी काकू

विषय छान आहे. निवृत्त मास्तरीण असल्यामुळे लांबण लागेल, माफ करा.

पहिली गोष्ट, सरासरी काढू नका. गटाची सरासरी चाल काढलीत की ती गटातल्या एकाही माणसाची नसते. चढ, दोन थांब्यांमधलं अंतर, जेवणाची वेळ या बाबतींत सर्वांत हळू माणसाचा आकडा धरायचा. मी याला 'अट' म्हणते. आणि कुणाला शिलालेख आवडतो, कुणाला झाडं, ही 'आवड'. अट मोडली की सहल मोडते. आवड मोडली तर फार तर कुरकुर होते. तुमच्या फॉर्ममध्ये दोन्ही एकाच रांगेत असतील तर आधी ते वेगळे करा. आणि इतक्या थोड्या माणसांचे गणिताने 'प्रकार' पाडायच्या भानगडीत पडू नका. संगणक पाडून देईल, त्यात अर्थ काही नसेल.

दुसरं थोडं खोलातलं. सहल आखण्याच्या गणिताला शास्त्रात ओरिएंटियरिंग प्रॉब्लेम म्हणतात. प्रत्येक ठिकाणाला गुण द्यायचे, वेळ ठरलेला, त्यात जास्तीत जास्त गुण गोळा होतील असा मार्ग शोधायचा. प्रवासाची ॲप्स साधारण हेच करतात. पण या गणितात गुणांची बेरीज होते, आणि गोष्टीत बेरीज चालत नाही! तुमच्याच मार्गावर शिमोगा जिल्ह्यातलं नगर बघा, म्हणजे जुनं बिदनूर. पडका किल्ला, आडगाव. कुणाच्याही आवडीप्रमाणे गुण दिलेत तरी ते यादीत तळाला जाणार आणि यंत्र ते गाळणार, कारण जवळच जोगचा धबधबा आहे. पण चेन्नम्माने औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला ते राज्य ज्याने पाहिलं नाही, त्याला पुढे बंगळूरच्या प्रसंगात धाकधूक कुठून वाटणार? म्हणून गोष्टीला लागणारी तीन-चार ठिकाणं आधी खिळे ठोकून पक्की करा, गुणबिण न देता. आवडीचा हिशोब त्यांच्या मधल्या मोकळ्या वेळापुरता.

तिसरं, जुन्या सहलींची माहिती माणसाला पुन्हा जुन्याच जागी नेते. ज्याने कधी मोडी कागद पाहिलाच नाही, त्याच्या फोटोंत तो कुठून दिसणार?

ओसरीवरून

कोल्हापुरातनं लिहितोय. पन्हाळा, पावनखिंड, विशाळगड या पट्ट्यात माणसं फिरवत केस पांढरं झालं. काकूंचं पटलं. पण घाटमाथा, फॉर्म भरून काय कळत नाही भावा. माणूस फॉर्मात जसा असावा वाटतं तसा असतो. गाडीत पहिल्या दोन तासांत कळतंय कोण कसा हाय ते. कोण खिडकी मागतंय, कुणाला घाटात मळमळतंय, कोण गाइडच्या पुढं चालतंय.

आणि सगळ्यात मोठी माहिती कुणीच लिहीत न्हाई: बाथरूम. साठीच्या माणसाला दर दीड-दोन तासाला जावं लागतंय, तो लाजून पाणी प्यायचं बंद करतो आणि दुपारी गडावर चक्कर येऊन बसतो. गोष्ट कितीबी भारी असू दे, त्या माणसाला ती ऐकूच जात न्हाई. ते घड्याळाची पावलं वगैरे ठेवा बाजूला, आधी रस्त्यावरची चांगली संडासं नकाशावर टाका.

पन्हाळ्याला एक करा. सगळी सज्जाकोठी बघत्यात आणि चहा प्यायला जात्यात. तुमची गोष्ट गडावरनं निसटायची हाय, तर संध्याकाळी उजेड जाताना निघा. तिथनं पुढचा प्रवास रात्रीचा असला तर आपोआप गोष्टीत माणूस शिरतंय.

घाटमाथा

@सांख्यिकी काकू, 'अट' आणि 'आवड' लगेच वेगळे केले. नगर पक्कं. केळदी आणि इक्केरी सागरच्या आसपासच आहेत, तीही त्याच दिवसात बसतात.

@ओसरीवरून, संध्याकाळी निघायची कल्पना उचलली. पण कोल्हापूर ते सागर रात्रीची बस म्हणजे काहींच्या कमरेची परीक्षा. म्हणून पन्हाळा संध्याकाळी सोडायचा, बेळगावपर्यंत जाऊन झोपायचं. खरा रात्रीचा प्रवास पुढे ठेवलाय: सागरहून बंगळूरला रात्रीची रेल्वे. बर्थवर आडवं पडून वेषांतर करता येतं.

निळी शाई

इतिहासाची विद्यार्थिनी आहे, मोडी वाचते. एआयबद्दल बोलायलाच हवं.

गंमत म्हणून मी एका चॅटबॉटला सांगितलं, केळदीचा प्रसंग पाच मिनिटांत सांगता येईल असा लिही. त्याने फर्मास लिहिला. चेन्नम्मा राजाराम महाराजांना ओवाळते, दोघांत बाणेदार संवाद होतो, बाहेर पाऊस कोसळतोय. यातला एक संवाद कुठे मिळेल तर शपथ. आसरा दिला, पुढे जायला मदत केली, त्यापायी मोगल फौज तिच्यावर चालून आली, एवढं पक्कं आहे. आणि मला विचाराल तर एवढंच पुरेसं आहे. एका बाईने दुसऱ्याच्या राजासाठी आपलं राज्य पणाला लावलं, त्यावर ओवाळणीची फोडणी कशाला?

या प्रवासावर केशव पंडिताचं राजारामचरितम् हे संस्कृत काव्य आहे, जवळजवळ त्याच काळातलं. म्हणजे आधार नाहीत असं नाही. बंगळूरचा प्रसंगही बघा. संशय आल्यावर महाराज पुढे निसटले आणि खंडो बल्लाळ वगैरे मंडळी मागे राहून मार खात 'आम्ही साधे यात्रेकरू' म्हणत राहिली, ही हकीकत परंपरेने आली आहे. तिच्यात बखरींचा रंग किती आणि घडलं किती यावर वाद घालता येतो. सहलीत ती सांगावीच. फक्त 'असं सांगतात' म्हणून सांगावी.

माझी सूचना: मजकुराच्या कागदावर तीन रंग ठेवा. कागदपत्रांनी पक्कं ते काळ्यात, परंपरेने आलेलं निळ्यात, तुम्ही किंवा यंत्राने रचलेलं हिरव्यात. आणि यंत्राकडे एकच काम द्या: तुम्ही तपासलेला काळा-निळा मजकूर लहान मुलांसाठी सोपा करणं, आजोबांसाठी मोठ्या अक्षरात लांबवणं, घाईत असलेल्यासाठी आटोपता करणं. नवं काही घालू नको असं बजावूनही ते घालतं, म्हणून शेवटी माणसाने वाचायचंच.

मिसळीचा रस्सा

हिरवा रंग फार झाला की गवत समजून बैल शिरतील.

सूनबाई दादर

धागा वाचताना मजा येतेय, पण एक खडा टाकते. मागे एका सहल कंपनीने असाच प्रेमळ फॉर्म भरून घेतला होता. सासूबाईंचा मधुमेह, गुडघे, लग्नाचा वाढदिवस, सगळं. सहलीत त्यातलं काही वापरलं नाहीच, भात-बटाटा ठरल्याप्रमाणे. पण नंतर महिनोन्महिने गुडघ्याच्या तेलाचे आणि आरोग्य विम्याचे फोन. त्यामुळे 'तुमच्या अंगाजोगती गोष्ट' म्हटलं की मी आधी पर्स सांभाळते.

घाटमाथा, तुम्ही हौशी आहात हे कबूल. तरी कुणाच्या गुडघ्यांची माहिती कोण बघणार? आणि सहल संपल्यावर तिचं काय?

घाटमाथा

रास्त प्रश्न. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. गाभा सोपा आहे: कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यायची, तेवढ्याचसाठी वापरायची, संमती परत घेता आली पाहिजे, काम संपलं की पुसायची. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांच्या वागण्याचा माग काढायला मनाई आहे. एखाद्याने घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, पण त्या फटीत शिरून बसायचं नाही असं आम्ही ठरवलंय. पैसे गोळा झाले की 'घरगुती' कितपत राहतं हाही प्रश्नच.

प्रत्यक्षात असं: आरोग्याची माहिती फक्त दोघांकडे, गाडीचं बघणारा आणि आमच्यातली डॉक्टर. गोष्ट लिहिणाऱ्याला 'चढ नको' एवढंच कळतं, का नको ते नाही. मुलांचे फोटो आणि घड्याळ अजिबात नाही. त्यांच्याबद्दल आई-बाबांना तोंडी विचारलं. परत आल्यावर महिन्याच्या आत फॉर्म पुसणार आणि गटावर तसं सांगणार. ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं त्यांनी दिलं नाही, त्यांना सर्वसाधारण कागद मिळेल. त्यांची गोष्ट काही कमी रंगणार नाही.

कावेरीकाठ

नमस्कार. मी चेन्नईत असते, माहेर तंजावूरचं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी आहे, तुमच्यापेक्षा जरा निराळी. लिहिताना सांभाळून घ्या.

तमिळनाडूतला भाग मी बोलते, कारण तो तुमच्या फॉर्ममध्ये येणार नाही.

एक, तिथी. वेल्लोरसाठी काटपाडी स्टेशनला उतराल. तिथून तिरुवण्णामलै नव्वदेक किलोमीटर, पुढे जिंजी चाळीसेक. जिंजीला रेल्वे नाही. पण तिरुवण्णामलैला दर पौर्णिमेला गिरिवलम असतं, लाखो माणसं डोंगराची प्रदक्षिणा करतात. त्या रात्री खोली नाही, बस नाही, रस्ताही नाही. तुमच्याकडे प्रत्येकाची पावलं आहेत पण पौर्णिमा नाही, तर उपयोग काय?

दोन, पाऊस. कुणाला हौस असेल की महाराज पोचले त्याच दिवसांत पोचायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे ईशान्य मोसमी पाऊस. डिसेंबर संपता संपता किंवा जानेवारीत या.

तीन, चढ. जिंजीत तीन डोंगर आहेत, राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी, आणि तिन्हींना जोडणारी तटबंदी. राजगिरी सुमारे ८०० फूट, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, दुपारी तव्यासारख्या तापतात. दुपारनंतर वर सोडतही नाहीत. सकाळी उघडल्या उघडल्या चढायला लागा. खाली कल्याण महाल, धान्याची कोठारं, तलाव असं पुष्कळ आहे, न चढणाऱ्यांचा दिवस वाया जात नाही.

चार, आणि हे मनातलं. जिंजीत कुणाही तमिळ माणसाला गोष्ट विचारा, तो राजारामांची सांगणार नाही. तो राजा देसिंगूची सांगेल. देसिंगू म्हणजे तेजसिंह, बुंदेला, १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना कोवळ्या वयात पडला. त्याच्यावर पोवाड्यासारखी गाणी आहेत, आमच्या लहानपणी सगळ्यांना तोंडपाठ. तुम्ही आपली गोष्ट घेऊन या, पण कानात इयरफोन घालून किल्ला चढू नका. तिथल्या माणसाला त्याची गोष्ट सांगू द्या.

तंजावूरला येणार ना? जिंजीवर थांबू नका. विळुपुरमहून रेल्वे आहे.

निळी शाई

@कावेरीकाठ, देसिंगूबद्दल वाचलं होतं, पण जिंजीत आजही त्याचीच गोष्ट पुढे असते हे माहीत नव्हतं. घाटमाथा, त्याला वेगळा वेळ द्याच.

आणि तंजावूरला अनुमोदन. बृहदीश्वराच्या आवारातला १८०३ चा मराठी शिलालेख, सरफोजी राजांनी भोसल्यांचा इतिहास कोरवून घेतलेला. एवढा लांब मराठी मजकूर दगडावर क्वचितच मिळेल. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. काकू म्हणाल्या ना, ज्याने पाहिलंच नाही त्याच्या फोटोंत ते दिसणार नाही.

घाटमाथा

चार दिवस गायब होतो, कारण यावर बसून काम केलं. आराखडा असा होतोय.

पक्की ठिकाणं: पन्हाळा, नगर-केळदी, बंगळूर, वेल्लोर, जिंजी, शेवटी तंजावूर. निघायची तारीख पौर्णिमा टाळून, जानेवारीत. तिरुवण्णामलैला मुक्काम. जिंजीतला एक तास मोकळा, तिथल्या माणसाकडून देसिंगूची गोष्ट ऐकायला. आमच्यात तमिळ येणारा एकजण आहे.

'अंगाजोगती गोष्ट' म्हणजे प्रत्येकाला वेगळी ठिकाणं, असं मी आधी धरून चाललो होतो. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यातून आता वेगळा विचार झालाय: ठिकाणं सगळ्यांना तीच, गोष्टीतला माणूस वेगळा. फॉर्म आणि फोटोंवरून प्रत्येकाला एकेक डोळा द्यायचा.

चढणारे, पुढे पळणारे: त्यांना खंडो बल्लाळ. बंगळूरला त्यांचा प्रसंग तेच सांगतील, जिंजीत राजगिरीवर जातील.

फोटोंत माणसं आणि घरं ज्यांची जास्त, ठिकाणं कमी: त्यांना चेन्नम्मा. केळदीत त्या दिवसाच्या यजमान त्याच. राज्य कसं चालत असेल, पाहुणा धोक्याचा आहे हे कळल्यावर काय विचार केला असेल, ते त्यांनी बोलायचं. हिरव्या रंगात, अर्थात.

आणि चढ नको असलेली मंडळी. यांच्यासाठी सर्वांत जास्त वेळ गेला, कारण 'तुम्ही खाली बसा' असं गोष्टीतून सांगायचं नव्हतं. शेवटी येसूबाई सापडल्या. राजारामांनी गडाबाहेर पडावं हा सल्ला त्यांचा मानला जातो. स्वतः त्या लहान शाहूला घेऊन रायगडावर मागे राहिल्या. गड त्याच वर्षी पडला, त्या कैदेत गेल्या आणि परत आल्या थेट १७१९ मध्ये. या सगळ्या प्रवासाचा पाया त्या न निघालेल्या बाईत आहे. जिंजीत बाकीचे वर असताना खाली कल्याण महालापाशी ही मंडळी येसूबाईंची बाजू वाचतील, आणि वरून उतरलेल्यांना ती तिथे ऐकावी लागेल. म्हणजे वर गेलेल्यांनाही खालचं काहीतरी चुकलेलं असतं.

मुलांना काम: प्रत्येक ठिकाणी निळा मजकूर कोणता आणि काळा कोणता ते ओळखायचं.

मिसळीचा रस्सा

मला जिंजीला वेढा घालणारा मोगल सरदार झुल्फिकारखान द्या. १६९० ते १६९८, गडाखाली तंबू ठोकून बसायचं, वर चढायची घाई नाही, आणि बादशहाच्या खर्चाने जेवायचं. माझ्या फोटोंचा पुरावा हेच सांगतो.

ओसरीवरून

हाहा, रस्सा भाऊ, तुम्हाला ही भूमिका फॉर्म न भरता मिळाली असती.

घाटमाथा, झकास जमलंय. एकच: डोळा आधी वाटून मोकळं होऊ नका. पन्हाळ्यावर पहिल्या संध्याकाळी वाटा, आणि ज्याला नको त्याला बदलू द्या. तुमच्या गणितानं ज्याला येसूबाई दिली, तो हट्टानं राजगिरी चढायचं म्हणेल. मग त्याच्याबरोबर एक माणूस द्या, पाणी द्या, नि चढू द्या की जिथवर चढतोय तिथवर.

सांख्यिकी काकू

ओसरीवरून यांना पूर्ण गुण. माहितीवरून काढलेला अंदाज माणसाच्या तोंडावर खोटा ठरवायची सोय ठेवलीच पाहिजे.

सूनबाई दादर

येसूबाईंचं वाचून सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, नाव घाल. तेव्हा पर्स बंद करून विचारते, त्या गुडघ्यांबद्दल फॉर्ममध्ये नेमकं काय विचारलंय? 'काही आजार आहे का' असं असेल तर त्या 'नाही' लिहिणार. त्यांच्या मते गुडघेदुखी हा आजार नाही, वय आहे.

घाटमाथा

आजाराचं नाव विचारलेलंच नाही. प्रश्न असे आहेत: कठडा नसलेल्या पन्नास पायऱ्या उतरायला आधार लागतो का? जमिनीवर बसून उठता येतं का? दुपारी आडवं व्हायची सवय आहे का? जेवणाला किती उशीर चालतो? प्रवासात किती वेळाने थांबलेलं बरं?

सांख्यिकी काकू

शेवटच्या प्रश्नाला 'तास' असा पर्याय देऊ नका, सगळे 'तीन' लिहितील. 'पुणे ते कोल्हापूर जाताना तुम्ही कुठे कुठे उतरता' असं विचारा. खंबाटकीचा घाट, सातारा, कराड, जे असेल ते लिहितील, आणि अंतर आपलं आपण काढायचं.